कस्तुराबाईचं ताट

जगदेवची भाकर फुगली ती कस्तुराबाई गेल्याच्या आठव्या महिन्यात. चैत्र सरत आला होता. सकाळी आठालाच डोक्यावरचे टिन तापू लागायचे. आणि चुलीपुढे बसलेला हा त्र्याहत्तर वर्षांचा गडी तव्याकडे डोळे फाडून पाहत होता. आतापर्यंतच्या त्याच्या भाकरी म्हणजे काय सांगावं! कडा फाटलेल्या, मधोमध कच्च्या, कुत्र्यानंही हुंगून सोडून द्याव्यात अशा. ही मात्र टम्म फुगली.

"पाह्य व, फुगली!" तो म्हणाला आणि मान वळवली.

भिंतीशी कोणी नव्हतं. तिथे पाणी भरायची चुंबळ तेवढी लटकत होती. तोवर तव्यावरची भाकर खालून करपली.

इंझोरी गावात बाईमाणूस एकटं राहिलं तर कोणाला त्याचं काही वाटत नाही. गडीमाणूस एकटा राहिला की अख्ख्या गल्लीला त्याच्या पोटाची काळजी. पहिला महिना घरोघरून ताटं आली. जगदेवला एवढं खाल्लं जाईना. मग आठवड्यातून एखादं येऊ लागलं. मग ताटं संपली आणि नुसतं "जेवले काय?" उरलं. ते फुकट असतं, ते अजूनही सगळे विचारत होते.

वावर त्यानं ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलं होतं. त्यामुळे दिवसभर काम म्हणाल तर एकच, स्वतःला जेवू घालणं. आणि ते काम वखर हाणण्यापेक्षा जड आहे, हे त्याला या वयात कळलं. पहाटे उठायचं, नळाचा दिवस असला तर पाणी भरायचं, गुळाचा काळा चहा करायचा. दूध ठेवलं तर नासतं, म्हणून काळा. मग चार भाकरी थापायच्या, दोन आत्ता, दोन दुरडीखाली झाकून रात्रीच्याला. एका गंजात, म्हणजे पातेल्यात, वरण नाही तर बेसन. बेसन आठवड्यातून चारदा, कारण ते बिघडत नाही.

पण खरा छळ पुढेच होता. ताट वाढून घेऊन बसावं, तर पाणी घ्यायचं राहिलेलं. गुडघे कडकड वाजवत उठावं, पाणी आणावं, बसावं, तर मीठ राहिलेलं. मीठ आणलं की कांदा. एका जेवणाला चार वेळा ऊठबस. कस्तुराबाई होती तेव्हा तो पाटावर बसायच्या आधी सगळं हाताशी असायचं. ते कोणी आणून ठेवतं, हे पन्नास वर्षांत त्याच्या कधी डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. शेवटी कंटाळून तो उभ्या उभ्याच खाऊ लागला, गंजातूनच, चमच्यानं. पाट भिंतीला टेकवून ठेवला तो तसाच राहिला.

रोज एक वाजता पुण्याहून हरीओमचा फोन यायचा. कंपनीत त्याची जेवणाची सुट्टी तेव्हा असायची.

"बाबा, जेवले काय?"

"जेवलो."

"काय केलं होतं?"

"वरन, भाकर, वांग्याची भाजी."

वांग्याची भाजी खोटी असायची. कधी कधी भाकरही खोटी असायची.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली तेव्हा हरीओम म्हणाला, "बाबा, मले सुट्टी नाई भेटून राह्यली. पोरीची बी शाळा हाय. मायची पह्यली अखाजी आन् मी नाई, बरं नाई वाटत. पन तुमी एकटे काय करसान? कोनाले तरी सैपाक सांगून द्या."

"कोनाले कायले सांगू? मी करतो."

"पुरनपोळ्या?"

"हाव."

पलीकडे हरीओम हसला असावा. जगदेवला राग आला. तिनं पन्नास वर्षं या घरात सगळ्यांच्या पितरांना जेवू घातलं. त्याच्या बापाला, आईला, न पाहिलेल्या आज्याला. आता ती पहिल्यांदा पाहुणी म्हणून येणार, आणि तिच्यापुढे दुसऱ्याच्या घरचं ताट ठेवायचं? त्यानं मनाशी ठरवून टाकलं. तिच्या चुलीवर, आपल्या हातानं.

आमच्याकडे अखाजीला गेलेल्या माणसाच्या जागी जितं माणूस जेवायला बसवतात. ते पोटभर जेवलं, की आपलं माणूस जेवलं. कस्तुराबाई सवाष्ण गेलेली, म्हणून सवाष्णच पाहिजे. जगदेव त्याच दिवशी शेजारी गेला. शेजारच्या चतुराबाईची सून वैजयंती हिच्यावर कस्तुराबाईचा फार जीव.

"बसंन ना थे," चतुराबाई म्हणाली. "कस्तुराबाईनं पोटच्या पोरीवानी केलं तिचं. पन भाऊजी, सैपाक तुमी करसान? अव माय!" ती पदराआड हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "एक सांगते. पोळी फाटली, भात गचका झाला तरी चालते. पन गेलेल्या मानसाच्या आवडीचं एक तरी ताटात पाह्यजे. आमच्या मालकाच्या ताटात मी दरसाल कांद्याची भजी ठुवते. नाईतं पित्तर उपाशी उठते. कस्तुराबाईले काय आवडे?"

"तिले?" जगदेव म्हणाला.

चतुराबाई वाट पाहत उभी. आत वैजयंती पीठ मळत होती, तिचे हातही थांबले.

"तिले तं... सगळंच आवडे."

"सगळं आवडनारं मानूस राह्यते काय कुठी?" चतुराबाई म्हणाली.

घरी येऊन तो खाटेवर बसला. सोपा प्रश्न, उत्तर कसं नाही? गोऱ्ह्याला ढेप आवडायची की सरकी, हे त्याला सांगता आलं असतं. तीस वर्षांपूर्वी मेलेल्या बैलाचं. बायकोचं सांगता येईना. तो आठवू लागला. ती कशी जेवायची? तो जेवून उठला की त्याच्याच ताटात वाढून घ्यायची, चुलीजवळच्या भिंतीला पाठ लावून, तोंड चुलीकडे करून. तोवर हा ओसरीवर सुपारी कातरत असायचा. पन्नास वर्षं त्यानं तिची पाठच जेवताना पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी एक वाजता त्यानंच हरीओमला विचारलं.

"तुया मायले खाले काय आवडे रे?"

"मायले? पुरनपोळी ना बाबा! दर सनाले राहेच आपल्या घरी."

"तू तिले खातानी पाह्यली काय?"

"तसं... ध्यान नाई देल्लं कवा. पन आवडतच असंन. एवढी झ्याक करे."

"हाव. असंन," जगदेव म्हणाला. त्याचा जीव थोडा भांड्यात पडला. पुरणपोळी तर करायचीच होती.

त्यानं पुरण करून पाहिलं. पहिल्या दिवशी डाळ करपली. दुसऱ्या दिवशी गूळ आधी घातला, डाळ शिजेचना, चुलीवर दोन तास टणटणीत दाणे नाचत राहिले. अंगठ्याला चटका बसला, फोड आला. बिघडलेलं पुरण टाकवेना, म्हणून तो दोन दिवस सकाळ संध्याकाळ तेच खात होता. तिसऱ्या दिवशी पुरण जमलं आणि त्यानं चक्कीवर गहू दळायला नेले.

चक्कीवर भागिरथा भेटली. बौद्धपुऱ्यातली, इंद्रभानची बायको, कस्तुराबाईच्याच वयाची. जगदेवच्या वावरात निंदण, कापणी, तुरी झोडणं, सगळं तिच्या हातचं. कस्तुराबाई आणि ती एका ओळीत वाकून काम करायच्या. आता कंबरेत वाकलेली, पण डोकीवर पायलीभर दळण घेऊन एकटी आली होती.

"कस्तुराबाईची पह्यली अखाजी ना, जगदेवभाऊ?" तिनं विचारलं.

"हाव. पुरन करून राह्यलो. तिले लय आवडे."

"पुरन?" भागिरथा म्हणाली. "कस्तुराबाईले?" आणि ती हसली. मनापासून, जुनं काही आठवावं तशी. मग जगदेवच्या तोंडाकडे पाहून तिनं हसू आवरलं.

"काहून हासली?"

"काई नाई भाऊ. असंच." तिनं दळण उचललं आणि निघून गेली.

रात्रभर ते हसू जगदेवच्या कानातून जाईना. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, तो बौद्धपुऱ्यात गेला. मजूर सांगायला तो आजवर कडेच्या निंबापर्यंत जायचा आणि तिथूनच हाक मारायचा. आज पहिल्यांदा तिच्या दारात उभा राहिला. इंद्रभाननं आतून प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली आणि न बोलता बाजूला खाटेवर बसला. भागिरथानं पाणी विचारलं नाही. आपल्या हातचं पाणी घ्यायचं की नाही, या पेचात कोणाला टाकायचं नाही, ही तिची जुनी सवय.

"काल काहून हासली तू?"

"सोडा ना भाऊ. गेलेल्या बाईचं काय उकरता."

"तिले काय आवडे, थे तुले मालूम हाय. सांग."

भागिरथानं नवऱ्याकडे पाहिलं. इंद्रभाननं मान हलवली, सांग म्हणून नाही, तुझं तू पाहा म्हणून.

"हरीओम पोटात होता तवाची गोष्ट," ती म्हणाली. "तिसरा महिना लागला होता. पोटात पानी टिके ना तिच्या. तसंच निंदाले आनलं होतं तुमी. दुपारी धुऱ्यावरच्या निंबाखाली मी माही भाकर सोडली. तं म्हने, भागिरथे, थे काय हाय, वास येऊन राह्यला, दे मले. मी म्हनलं, बाई, तू माळकऱ्याच्या घरची, तुले पाप लागंन. तं म्हने, मले नाई पाह्यजे, पोटातल्याले पाह्यजे."

"काय होतं थे?"

"चटनी."

"कायची?"

"सुकटीची."

जगदेवचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. बापानं घातलेली माळ. त्या घरात कांदासुद्धा एकादशीला शिवत नव्हते.

"त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या तिनं. पोटात टिकल्या," भागिरथा सांगत होती. आता सुरू झाली ती थांबेना. "मंग पोरगं झालं, डोहाळे सरले, पन तिची चव नाई सरली. वावरात आलो का माही चटनी थे खाये, तिचं लोनचं मी खाओ. एकाच ताटलीत. तुमच्या घरी माही कपबशी कोनाड्यात पालथी राहे आन् मीच धुवो. वावरात एक ताटली. चव्वेचाळीस वर्सं झाले भाऊ."

"खोटं बोलून राह्यली तू."

"कायले बोलू? मले काय भेटनार हाय त्याच्यात?"

"मंग मले काहून नाई सांगतलं तिनं?"

"भिये ना तुमाले."

"मी मारलं काय तिले कवा? सांग! एक बोट तरी लावलं काय?"

"नाई," भागिरथा म्हणाली. "मारलं नाई. पन इचारलं बी नाई."

जगदेव उठला. खुर्ची मागे पडली. "माह्या घराचं नाव खराब करू नको," तो म्हणाला. आवाज चढला होता, दोन-तीन दारांतून माणसं डोकावली.

"मी नाई आली सांगाले," भागिरथा शांतपणे म्हणाली. "तुमी आले."

तो तरातरा निघाला. घरी येईपर्यंत दुपट्टा घामानं भिजला. हौदावर पाय धुवायला वाकला आणि तिथेच थांबला. शेतातून आली की कस्तुराबाई आधी इथे यायची. चूळ भरायची आणि हौदाच्या काठावरच्या डबीतली राखुंडी घेऊन दात घासायची, खसाखसा. दिवसातून दोनदा दात घासणारी बाई इंझोरीत ती एकटीच. जगदेव चारचौघांत कौतुकानं सांगायचा, आमच्या घरी लय स्वच्छता. तिच्यासमोर सांगायचा. ती खाली मान घालून उभी राहायची. डबी अजून तिथेच होती. त्यानं झाकण काढलं. राख ओलावून दगड झाली होती.

त्याला तिचा राग आला. मग राग धरायला माणूसच नाही, याचा जास्त राग आला. त्या दिवशी चूल पेटली नाही. एक वाजता फोन आला, "जेवलो," म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच. उपाशी पोटी त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पोटुशी बाई, पाणी टिकत नाही, आणि मी तिला निंदायला नेली. तेव्हा तिनं मला काय मागितलं होतं? काही तरी मागितलं असेल. त्याला काहीच आठवत नव्हतं, आणि न आठवणं त्याला खात होतं.

अखाजीच्या आदल्या सकाळी तो पुन्हा बौद्धपुऱ्यात गेला. दारातच उभा राहिला, खुर्ची घेतली नाही.

"सुकट हाय काय घरात?"

भागिरथानं हातातलं काम खाली ठेवलं. मग आत गेली आणि कागदाची पुडी घेऊन आली.

"कशी कराची?"

"तुमी करता? मी करून देते."

"नाई. कशी कराची, थे सांग."

"निवडून घ्या आधी, कचरा राह्यते. तव्यावर मंद इस्तोवर भाजा, कुरकुरीत होईपर्यंत. लाल मिरच्या, लसून. पाट्यावर रगडा, मिक्सरात नाई. वरून कच्चं तेल. आन् मीठ जरासं वरचढ. तिले मीठ जास्त लागे."

हेही त्याला माहीत नव्हतं. घरात मीठ त्याच्या जिभेनं पडत होतं.

अखाजीला तो पहाटे चारला उठला. चूल सारवली. पितराची नवी घागर भरून भिंतीशी ठेवली, तिच्यावर खरबूज आणि दोन आंबे. मग डाळ चढवली. कुरडया तळल्या, अर्ध्या लाल झाल्या. आंब्याचा रस काढला. चिंचवणी केली, भात केला. पुरणपोळ्या अकरा केल्या, त्यातल्या पाच अखंड निघाल्या. त्या त्यानं कापडावर एकेक मांडल्या, फाटलेल्या बाजूला ठेवल्या. अकरा वाजेपर्यंत त्याची पाठ मोडून आली होती, डोळ्यांत धूर गेला होता, पण चुलीपुढून तो उठला नाही. कस्तुराबाई हे सगळं करून वर ओसरीवरच्या माणसांना वाढायची. आणि जेवायला सगळ्यात शेवटी.

सुकट त्यानं मुद्दाम शेवटी ठेवली होती. दार लावून घ्यावं, पटकन भाजावी, कोणाला कळायचं नाही, असा हिशेब. आता ज्याच्या घरात सुकट कधी आलेलीच नाही, त्याला हा हिशेब काय कळणार! तव्यावर पडली मात्र, आणि वास असा उठला की टिनाच्या फटीतून, खिडकीतून, दाराखालून निघून सरळ गल्लीत गेला. त्यानं नाकाला दुपट्टा बांधला, पण उलथनं सोडलं नाही. पाट्यावर रगडली, तेल सोडलं, मीठ वरचढ घातलं. एक जाड भाकर थापली. फुगली. या वेळी त्यानं मान वळवली नाही.

ताट वाढून होतंय तोवर दार वाजलं. पुढे चतुराबाई, मागे नवं लुगडं नेसलेली, कपाळभर कुंकू लावलेली वैजयंती. चतुराबाईनं दारातच पदर नाकाला लावला.

"भाऊजी! काय भाजलं हे?"

जगदेवनं नाकावरचा दुपट्टा सोडला.

"सुकट? माळकऱ्याच्या घरात? पित्तराच्या दिवशी?" तिनं आत येऊन ताटाकडे पाहिलं. पोळी, रस, कुरडया, आणि कडेला तो लाल गोळा. "डोकं फिरलं काय तुमचं?"

"तिले आवडे," जगदेव म्हणाला.

"कोनाले? कस्तुराबाईले? जिभ झडंन भाऊजी, असं बोलू नका गेलेल्या बाईबद्दल!" चतुराबाईचे डोळे खरंच भरून आले. "देवमानूस होती थे. कोनं भरवलं तुमच्या मनात? आइका माहं. थे उकिरड्यावर फेका. चूल परत सारवून घ्या, दुसरं ताट वाढा. अर्ध्या घंट्यानं आनते मी इले. कोनाले सांगनार नाई."

ती काही वाईट बोलत नव्हती. कस्तुराबाईची इज्जत वाचवत होती. जगदेवनं ताट हातात घेतलं. क्षणभर वैजयंतीला वाटलं, फेकतात. ती हळूच म्हणाली, "मामाजी, मी बसते ना, फक्त थे..."

"नाई फेकत," जगदेव म्हणाला आणि ताट पाटापुढे ठेवलं. "पन्नास वर्सं थे माह्या आवडीचं जेवली. आज तिचं एक राहू दे."

"चाल व," चतुराबाई सुनेला म्हणाली. जाताना वैजयंतीनं एकदा मागे वळून ताटाकडे पाहिलं.

बारा वाजून गेले. घागरीपुढे ताट, ताटापुढे रिकामा पाट. आता दुसरी सवाष्ण कोण येणार? गल्लीत वास आधीच पोचला होता आणि चतुराबाईचा आवाज त्याच्या मागून. जगदेव भिंतीला टेकून पाहत बसला. एवढं करून ती उपाशी उठणार. या घरात ती आणखी एकदा सगळ्यांच्या शेवटी राहणार.

त्यानं ताटावर ताट झाकलं आणि अनवाणीच निघाला. डांबर पायाला चटके देत होतं.

"जेवाले चाल," भागिरथाच्या दारात तो म्हणाला.

ती समजली. "जगदेवभाऊ, मी पित्तर म्हनून नाई बसनार. आमी सोडलं थे. माह्या सासऱ्यानं दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरात कोनी पित्तर मानलं नाई, जेवलं नाई. मी तुमच्यासाठी नाई मोडनार."

"नको बसू पित्तर म्हनून."

"मंग?"

"वावरात बसे तशी बस." त्यानं दाराची चौकट धरली. "तिच्यासोबत जेवलेलं दुसरं कोनी नाई व. मी बी नाई."

भागिरथा उंबऱ्यावर बसून राहिली. मग पदर खोचून उठली. इंद्रभानला म्हणाली, "येते मी."

जगदेवच्या घरी आल्यावर तिचे पाय सवयीनं ओसरीवरच थांबले, कोनाड्याजवळ. तिची कान तुटलेली कपबशी तिथे होती, पालथी, धूळ बसलेली.

"आत," जगदेव म्हणाला.

"पन्नास वर्सानं," ती म्हणाली. "आन् थे बी ती गेल्यावर." पण ती आत आली.

पाटावर ती बसली नाही. चुलीजवळ भिंतीला पाठ लावून बसली, खालीच. ती जागा तिला कोणी सांगितली नव्हती. जगदेवनं ताट आणून पुढे ठेवलं. पाणी ठेवलं. मीठ ठेवलं. कांदा फोडून ठेवला. तिला एकदाही उठावं लागू नये, असं सगळं हाताशी ठेवलं आणि समोर बसला.

तिनं पुरणपोळी बाजूला सारली. भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला, तोंडात घातला. हळूहळू चावत राहिली.

"कशी झाली?"

"जळकट हाय जराशी." आणखी एक घास. "मीठ बराबर हाय."

मग तिला रडू आलं. घास तोंडात, डोळ्यांतून पाणी, आणि हात थांबत नव्हता. "तिखट झाली का म्हने, भागिरथे, जीव घेतं का माहा. आन् पुन्हा बोट घाले," ती म्हणाली. जगदेव ऐकत होता. बायको असं बोलायची, बोटं चाटायची, हे त्याला आज कळत होतं. तो ते तोंड डोळ्यांपुढे आणायला पाहत होता. त्याला पाठच दिसत होती.

अर्धी भाकर आणि थोडी चटणी ताटात उरली. भागिरथा उठली आणि ताट उचलू लागली, विसळायला.

"ठेव," जगदेव म्हणाला.

"मी धुते ना."

"ठेव म्हनलं. आजपासून नाई धुवाचं."

तिनं हात मागे घेतला. जाताना ओसरीवर थांबली, कोनाड्यातली कपबशी काढली, पदरात घेतली आणि गेली.

जगदेवनं दार लोटलं. गळ्यातली माळ काढली आणि खुंटीला, चुंबळीशेजारी अडकवली. उद्या घालायची की नाही, ते उद्या. मग तो चुलीजवळ गेला. भिंतीला पाठ लावली, तोंड चुलीकडे केलं आणि ते ताट पुढे ओढलं. तिला पन्नास वर्षं त्याच्या ताटात उरलेलं खाताना काय वाटत असेल, हे त्याला विचारायचं राहून गेलं होतं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. पहिला घास तोंडातच फिरत राहिला. त्यानं तोंडावर हात दाबला आणि गिळला. दुसरा घेतला. मिरची लागली, नाक डोळे वाहू लागले, आणि ते पुसायला त्यानं हात वर केला नाही.

फोन वाजला. एक वाजला होता.

"बाबा, जेवले काय?"

"जेवून राह्यलो."

"पित्तर झालं? बसली वैजयंतीवैनी?"

"झालं. जेवली तुही माय."

"आवाज काहून असा येऊन राह्यला?"

"तिखट लागलं."

"आज कायचं तिखट?" हरीओम हसला. "मायच्या आवडीच्या पुरनपोळ्या झाल्या ना पन?"

कापडावर पाच अखंड पोळ्या तशाच होत्या.

"नाई रे बापू," तो म्हणाला. "थे मले आवडे."